किरणोपचार, प्राणवायू आणि दोन विड्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या दिघीतील एक गृहस्थ परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किरणोपचारासाठी निघण्यापूर्वी मला भेटावयास आले. घशाचा कर्करोग. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाठ तर किरणांनीच जळणार, मग दोन विड्यांनी काय बिघडतंय?" हा प्रश्न आपल्याही घरी उठू शकतो, म्हणून त्याचे उत्तर येथे देतो.

किरण पेशीला जाळीत नाहीत. ते पेशीतील पाण्याचे रेणू फोडतात. त्यातून निमिषमात्र टिकणारे, अतिशय क्रियाशील कण निर्माण होऊन डीएनएच्या धाग्यावर घाव घालतात. असे पुष्कळ घाव पेशी तत्काळ सांधू शकते. मात्र तेथे प्राणवायू असेल, तर तो घावाशी संयोग पावतो व घाव पक्का होतो. प्राणवायूविना जगणारी पेशी मारण्यास अडीच ते तीन पट किरणमात्रा लागते. एल. एच. ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९५३ साली याचे महत्त्व उपचारांच्या संदर्भात मांडले. किरणमात्रेचे 'ग्रे' हे एकक त्यांच्याच नावाचे.

गाठ भराभर वाढते, रक्तवाहिन्या मागे पडतात. रक्तवाहिनीपासून जेमतेम ०.१५ मिलिमीटर अंतरापलीकडे प्राणवायू पोहोचेनासा होतो. तेथे गुदमरलेल्या काही पेशी तग धरतात आणि नेमक्या त्याच किरणांना दाद देत नाहीत. उपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात, त्याचे एक कारण हेच: बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्यांना प्राणवायू मिळू लागतो आणि पुढील मात्रेत त्या सापडतात. आगरदांड्याची फेरीबोट चुकली, पाऊस फार होता, अशा सबबींवर खाडे करू नका. मुंबईतच राहण्याची सोय पाहा.

आता विडी. तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. म्हणजे किरण यायच्या वेळी रक्तातील प्राणवायूच्या जागा अडलेल्या! रक्तक्षयातही वाहतूक अशीच तोकडी पडते. मात्र स्वतःहून लोहाच्या किंवा जीवनसत्त्वांच्या गोळ्या, रक्तवाढीची इंजेक्शने घेऊ नका. त्यांतील काहींनी उपचाराला अपायही होतो. नळकांड्यातील प्राणवायू हुंगून फारसे साधत नाही, कारण निरोगी फुप्फुसातून जाणारे रक्त आधीच त्याने जवळजवळ भरलेले असते.

त्या गृहस्थांचे हिमोग्लोबिन ९ निघाले. तसे पत्र मी उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नावे दिले. विड्यांचे बंडल त्यांच्या पत्नीने न बोलता माझ्या टेबलावर ठेवले.