श्वानाने वस्तू गिळली तर…

कुत्रे पाळणे ही आता केवळ घराच्या राखणीची सोय राहिलेली नाही. सदनिकांमध्ये राहणाऱ्या अनेक कुटुंबांत ते घरातील एक सदस्यच होऊन बसते. मात्र या सदस्याला हात नाहीत. जगाची ओळख तो तोंडाने करून घेतो. दिसलेली वस्तू हुंगावी, चावावी आणि कोणी हिसकावू लागल्यास झटकन गिळून टाकावी, हा त्याचा स्वभावधर्म. दात येण्याच्या वयातील पिल्ले आणि लॅब्राडोरसारख्या खादाड जाती यात विशेष आघाडीवर असतात. पायमोजे, रबरी चेंडू, दुधाची रिकामी पिशवी, मक्याचे बुरकुंड, सुई-दोरा, नाणी, खेळण्यातील सेल अशा नाना वस्तू पशुवैद्यांनी कुत्र्यांच्या पोटातून बाहेर काढल्या आहेत. अशा प्रसंगी पहिल्या काही तासांत घेतलेला निर्णय त्या मुक्या जिवाचे भवितव्य ठरवतो.

कोयीचा प्रवास

आपल्या देशात उन्हाळ्यात हमखास आढळणारे उदाहरण म्हणजे आंब्याची कोय. रसाच्या गोडीने कुत्रे ती चाटते आणि अखंड गिळते. कोयीचे कवच लाकडासारखे असल्याने जठरातील आम्लात ते विरघळत नाही. कोय जठरात पडून असेपर्यंत कुत्रे खाते, पिते, खेळते. घरच्यांना वाटते, संकट टळले. काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनी, ती लहान आतड्यात सरकते आणि तेथे घट्ट बसते.

आतड्याचा मार्ग असा बंद झाला की अडथळ्याच्या मागे द्रव आणि वायू साचू लागतात. वारंवार होणाऱ्या उलट्यांमुळे शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात. कोयीच्या दाबाने आतड्याच्या भित्तिकेचा रक्तपुरवठा खुंटतो, तो भाग काळवंडतो आणि अखेर त्याला छिद्र पडते. आतड्यातील जंतू उदरपोकळीत पसरले की साधी वाटणारी घटना प्राणघातक ठरते. म्हणूनच ‘कालपर्यंत तर चांगला होता’ या वाक्यावर विसंबून राहू नये.

वस्तू तसा धोका

सर्वच वस्तूंचा धोका सारखा नसतो. गुळगुळीत, लहान वस्तू बहुधा एक ते तीन दिवसांत विष्ठेवाटे बाहेर पडते; पण वाट पाहायची की नाही, हा निर्णय पशुवैद्याने घ्यावयाचा असतो.

दोरा, लोकरीचा धागा किंवा कापडाची लांब चिंधी यांचा प्रकार वेगळा. धाग्याचे एक टोक जिभेखाली अथवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि उरलेला धागा आतड्यात पुढे जातो. नाडी ओढल्यावर पायजम्याचा नेफा जसा गोळा होतो, तसे आतडे त्या धाग्यावर चुण्या पडून गोळा होते आणि धागा त्याला करवतीसारखा कापू लागतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कदापि ओढू नये.

बटणाच्या आकाराचा सेल सर्वांत घातक. अन्ननलिकेत तो अडकला की ओलसर ऊतींतून विद्युतप्रवाह वाहू लागतो आणि तीव्र अल्कली तयार होते. अर्ध्या तासाच्या आत भाजल्यासारखी इजा सुरू होते आणि काही तासांत अन्ननलिकेला छिद्र पडू शकते. येथे वाट पाहण्यास अजिबात वाव नाही.

नाण्यांविषयीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत १९८२ नंतर पाडलेली एका सेंटची नाणी मुख्यतः जस्ताची असल्याने पोटातील आम्लात विरघळून कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. आपली एक आणि दोन रुपयांची अलीकडची नाणी स्टेनलेस पोलादाची असल्याने ती विषबाधा येथे होत नाही; मात्र अडकण्याचा धोका उरतोच. जस्ताचा मुलामा दिलेले नट-बोल्ट आणि कपाटातील डांबराच्या गोळ्या मात्र विषारी ठरतात.

लक्षणे कोणती?

पुनःपुन्हा उलट्या, अन्नावरची वासना उडणे, लाळ गळणे, सतत गिळण्याची हालचाल, शौचास न होणे, पोटाला हात लावू न देणे आणि मरगळ ही प्रमुख लक्षणे होत. काही कुत्री पोटदुखीमुळे पुढचे पाय जमिनीवर टेकवून मागचा भाग उंच धरतात. वस्तू गिळताना कोणी पाहिले नसले, तरी अशी लक्षणे दिसताच तपासणी करून घ्यावी.

घरगुती उपाय टाळावेत

मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याची प्रथा अनेक घरांत आहे. ती धोकादायक आहे, कारण रक्तातील मिठाचे प्रमाण वाढून कुत्र्याला झटके येऊ शकतात. टोकदार वस्तू, सेल किंवा रॉकेलसारखा पदार्थ उलटीवाटे परत येताना अन्ननलिकेला अथवा फुप्फुसांना पुन्हा इजा करतो. जुलाबाचे औषध आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. पशुवैद्याला दूरध्वनी करून काय गिळले, केव्हा गिळले आणि कुत्र्याचे वजन किती, हे सांगावे. त्याच वस्तूचा दुसरा नग किंवा वेष्टन असल्यास सोबत न्यावे.

वस्तू श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकून जीव गुदमरत असेल, तरच घरी तत्काळ हालचाल करावी. तोंड उघडून वस्तू दिसत असल्यास ती आत ढकलली जाणार नाही अशा बेताने काढावी. न दिसल्यास लहान कुत्र्याचे डोके खाली आणि मागचा भाग वर धरावा. मोठ्या कुत्र्याच्या मागे उभे राहून बरगड्यांच्या खाली दोन्ही हातांनी आत आणि वर असा झटकन दाब द्यावा. वस्तू निघाली तरी नंतर तपासणी आवश्यक आहे.

रुग्णालयात काय होते?

क्ष-किरण चित्रात धातू, हाड आणि दगड स्पष्ट दिसतात. कापड, प्लॅस्टिक आणि लाकूड बहुधा दिसत नाहीत. तेव्हा आतड्यात साचलेल्या वायूवरून आणि सोनोग्राफीवरून निदान होते. वस्तू जठरातच असून निरुपद्रवी आकाराची असेल, तर पशुवैद्य औषधाने उलटी करवितात; त्यासाठी पहिले सुमारे दोन तास मोलाचे. अन्ननलिकेतील किंवा जठरातील वस्तू पुष्कळदा एन्डोस्कोपीच्या साहाय्याने, चिरफाड न करता निघते. आतड्यात अडकलेल्या वस्तूसाठी मात्र शस्त्रक्रिया करावी लागते. वेळेवर आलेल्या रुग्णाचे आतडे उघडून वस्तू काढली आणि टाके घातले की भागते. उशीर झाल्यास आतड्याचा निकामी भाग कापून दोन टोके जोडावी लागतात. शस्त्रक्रियेनंतरचे तीन ते पाच दिवस टाक्यांच्या दृष्टीने नाजूक असतात.

पूर्वतयारी हेच शहाणपण

पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये हा आपल्या देशातील मोठा आधार आहे. मुंबईतील परळचे महाविद्यालय १८८६ चे, तर चेन्नईतील वेपेरीचे १९०३ चे. १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळेच्या रूपाने सुरू झालेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे चिकित्सालय आज बरेलीजवळ इज्जतनगर येथे आहे. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा न्यासाचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले. बदलीच्या गावी गेल्यावर शाळा आणि दवाखान्याप्रमाणेच रात्री उघडे असणारे पशुरुग्णालय कोठे आहे, याचीही चौकशी करून क्रमांक भिंतीवर लावावा.

आर्थिक बाजूही दुर्लक्षून चालत नाही. मध्यरात्री शस्त्रक्रियेच्या खर्चाचा आकडा ऐकून ‘सकाळपर्यंत पाहू’ असे म्हणण्याची वेळ येते आणि तेवढ्यात आतडे हातचे जाते. छोट्या आवर्ती ठेवीतून यासाठी वेगळी रक्कम उभी राहू शकते. काही सर्वसाधारण विमा कंपन्या कुत्र्यांसाठी विमा देतात; त्यातील वयोमर्यादा, प्रतीक्षाकाळ आणि वगळलेल्या बाबी आधीच वाचाव्यात.

आणि सर्वांत स्वस्त उपाय घरातच आहे : झाकणाचा कचऱ्याचा डबा, उचलून ठेवलेले मोजे, बंद खणातील सुई-दोरा आणि सेल, तोंडात मावून जाणार नाही एवढे मोठे खेळणे, आणि ‘सोड’ म्हटल्यावर वस्तू सोडण्याची सवय. त्या सवयीसाठी हिसकावून घेण्याऐवजी बदल्यात एखादा खाऊ द्यावा. मग कुत्रे वस्तू लपवीत नाही आणि घाईने गिळतही नाही.