खेळ हातातला – भाग ६ : पाय एकीकडे, नेम दुसरीकडे

माणसासारख्या पात्राची हालचाल आपण गेल्या आठवड्यात पाहिली. एका स्टिकने चालायचं, दुसरीने बघायचं आणि जिकडे नजर तिकडेच बंदूक. महाकाय रोबोटच्या खेळात हे गणित मोडतं. त्याचे पाय एका दिशेने चालत असतात आणि कमरेवरचं धड भलतीकडे वळलेलं असतं. या दोन दिशा खेळाडूच्या दहा बोटांत कशा बसवायच्या, हा डिझायनरपुढचा खरा पेच.

१९९५च्या ‘मेकवॉरियर २’ने पायांचं वळणं वेगळं ठेवलं आणि धडाचं वेगळं. त्यामुळे पळता पळता बाजूच्या शत्रूवर मारा करता येतो. पण नवा खेळाडू हमखास गोंधळतो. समोर बघत चाललोय असं त्याला वाटतं आणि यंत्र मात्र तिरकं जाऊन भिंतीवर आदळतं. म्हणून या मालिकेत पाय कुठे आणि धड कुठे हे दाखवणारी खूण पडद्यावर असते.

२०१३च्या ‘मेकवॉरियर ऑनलाइन’मध्ये तर नेमाच्या खुणाच दोन आहेत. हातांवरच्या शस्त्रांसाठी गोल, धडातल्या शस्त्रांसाठी फुली. माऊस हलवला की गोल चटकन सरकतो, फुली मागून येते. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. यंत्राचं वजन दाखवायचं म्हणून अनेक खेळ सगळंच संथ करतात. बोट हलतं, पडद्यावर काहीच होत नाही आणि खेळाडू कंट्रोलरला दोष देतो. इथे हाताचा हुकूम ताबडतोब पोचल्याचं दिसतं. उशीर होतो तो धड वळायला, आणि तोही डोळ्यांसमोर.

सेगाच्या ‘व्हर्च्युअल ऑन’ने नव्वदच्या दशकात आर्केडमध्ये अगदी वेगळी वाट धरली. दोन दांडे, प्रत्येकावर ट्रिगर. दोन्ही पुढे ढकलले की यंत्र पुढे. एक पुढे, एक मागे केला की ते जागच्या जागी वळतं. बैलगाडी वळवताना एका बैलाला थोपवून दुसऱ्याला पुढे काढतात, तसंच. दांडे एकमेकांपासून दूर ओढले की उडी. नेम धरायला मात्र वेगळं काहीच नाही. उडी मारली की यंत्र आपोआप शत्रूकडे तोंड करतं. म्हणजे नेम साधण्याचं कामही हालचालीतूनच व्हायचं, आणि वेगवान द्वंद्वाला हे चपखल बसलं.

कॅपकॉमच्या २००२च्या ‘स्टील बटालियन’ने दांडे, पॅडल आणि सुमारे चाळीस बटणांचा अख्खा पॅनेलच खेळासोबत विकला. चालकाच्या खुर्चीत बसल्याचा भास त्यात जबरदस्त होता, पण इतकं सामान मांडायला किती घरांत जागा असणार?

‘आर्मर्ड कोअर’ १९९७मध्ये आला तेव्हा प्लेस्टेशनच्या नेहमीच्या कंट्रोलरवर स्टिकच नव्हत्या. वर-खाली बघायलाही मागची बटणं दाबावी लागत. मग नेमाचा बराच भार यंत्रावर टाकला गेला. पडद्यावरच्या चौकटीत शत्रू टिकवायचा, बाकीचा हिशेब यंत्रातला संगणक करणार. ही चौकट लहान की मोठी, ते बसवलेल्या सुट्या भागावर ठरायचं. खेळाडूचं कसब शत्रूला त्या चौकटीत धरून ठेवण्यात होतं.

२०२३च्या सहाव्या भागात चार शस्त्रं मागच्या चार बटणांवर आहेत. डाव्या हातातलं शस्त्र डाव्या बोटाखाली, उजव्यातलं उजव्या. हे लगेच अंगवळणी पडतं. अडचण उजव्या अंगठ्याची होते, कारण उडी आणि झेप घ्यायलाही तोच लागतो आणि नजर फिरवायलाही तोच. ‘टार्गेट असिस्ट’ कॅमेरा शत्रूवर खिळवून ठेवतो, तेव्हा अंगठा झेपांसाठी मोकळा होतो. याला कुणी फाजील लाड म्हणेल, मला ते पटत नाही. हवेत उडणाऱ्या, झेपावणाऱ्या यंत्राला चालवताना एका अंगठ्याकडून दोन कामं मागणं हाच अन्याय आहे. शिवाय उजवी स्टिक स्वतः हलवली की ही मदत तत्क्षणी सुटते आणि नजरेचा ताबा परत खेळाडूकडे येतो.