स्लॅब, सिमेंट आणि माझा हिशेब

एस्टिमेशन अँड कॉस्टिंगच्या पेपरात मला चांगले मार्क पडले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाचा विश्वास बसणार नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री पार्टनरचं जर्नल समोर ठेवून छापणाऱ्यांपैकी मी नव्हतो. गणितं स्वतः सोडवलेली होती. तरीही आमच्या घराच्या स्लॅबला सिमेंट कमी पडलं आणि ते माझ्यामुळेच पडलं.

मित्रहो, हॉस्टेलवर राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावी घराचं काम कधी ना कधी निघतंच. तुम्ही मेकॅनिकलला असा की कॉम्प्युटरला, घरचे म्हणणारच, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग सांग किती लागेल!" तेव्हा हा लेख फक्त सिव्हिलवाल्यांसाठी नाही.

झालं असं. एप्रिलमध्ये आमच्या घराचा स्लॅब पडायचा होता. घर साधंच, ३० फूट बाय २४ फूट, जिना बाहेरून. आबांनी (म्हणजे वडिलांनी) मिस्त्रीकाकांना विचारलं, "सिमेंट किती सांगू?" काकांनी वर सेंटरिंगकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "शंभर पोती सांगा आबा. दोनचार इकडं तिकडं."

मी तिथेच कॅल्क्युलेटर काढला. ३० गुणिले २४ म्हणजे ७२० चौरस फूट, जाडी ५ इंच, म्हणजे ३०० घनफूट काँक्रीट. त्याला सिमेंट लागतं साडेअडुसष्ट पोती. मी म्हणालो, "आबा, सत्तर बस झाली. घरात पाच पडलेली आहेत, पंचाहत्तर होतात. शंभर कशाला?" आणि वर हळूच हेही म्हणालो की मिस्त्री लोक नेहमी वाढवूनच सांगतात. आबांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि सत्तर पोत्यांची ऑर्डर दिली. काका काही बोलले नाहीत.

चूक कुठे झाली ते पुढे येईलच. आधी बरोबर हिशेब कसा करायचा ते बघू.

घराच्या आरसीसी कामाला आयएस ४५६ : २००० प्रमाणे एम-२० पेक्षा कमी प्रतीचं काँक्रीट चालत नाही. आपल्याकडे लहान कामात एम-२० साठी १ : १.५ : ३ हे प्रमाण धरतात. म्हणजे सिमेंट एक भाग, वाळू दीड भाग, खडी तीन भाग. एक पोतं ५० किलोचं. सिमेंटची घनता १,४४० किलो प्रति घनमीटर धरली की एका पोत्याचं आकारमान येतं सुमारे ३५ लिटर, म्हणजे सव्वा घनफुटाला किंचित कमी (१.२२६). त्याच्या दीडपट वाळू १.८४ घनफूट आणि तिप्पट खडी ३.६८ घनफूट. तिन्ही मिळून कोरडा माल झाला ६.७४ घनफूट.

आता गंमत इथे आहे. ६.७४ घनफूट माल मिक्सरमध्ये टाकला म्हणून तेवढं काँक्रीट बाहेर येत नाही. आपल्या मेसमधला चिवडा आठवा. एक डबा मुरमुरे, अर्धा डबा शेव आणि थोडे शेंगदाणे एकत्र केले की ते सगळं मिळून दीड डबा होत नाही, कारण शेव मुरमुऱ्यांच्या फटीत जाऊन बसते. तसंच खडीच्या फटीत वाळू बसते, वाळूच्या फटीत सिमेंट बसतं आणि पाणी पडून कुटाई झाली की हवा निघून जाते. म्हणून कोरड्या मालाला १.५४ ने भागायचं. ६.७४ भागिले १.५४ म्हणजे ४.३८. एका पोत्यात साधारण ४.३८ घनफूट काँक्रीट निघतं. घनमीटरमध्ये बोलायचं तर एका घनमीटरला आठ पोती.

हा एक आकडा लक्षात ठेवला की कुठल्याही आरसीसी कामाचं सिमेंट तोंडी काढता येतं. मिस्त्रीकाकांचा आकडा आहे "पोत्याला चार फूट". मी आधी हसलो होतो. नंतर कळलं की ४.३८ आणि ४ यांच्यातला जो फरक आहे, त्यात त्यांनी सांडलवंड, घमेल्याला चिकटलेला माल आणि सेंटरिंगच्या प्लेटा दबून वाढलेली जाडी, हे सगळं धरलेलं असतं.

मग माझं काय चुकलं? सूत्र नाही चुकलं, मोजमाप चुकलं. मी बीम धरलेच नव्हते!

ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर स्लॅब होता, बीमचा तपशील दुसऱ्या पानावर. परीक्षेत प्रश्न येतो "स्लॅबचं काँक्रीट काढा" आणि आपण काढतो. साइटवर स्लॅब एकटा पडत नाही, बीमही त्याच दिवशी एकत्र भरतात. आमचे बीम ९ इंच रुंद आणि १५ इंच खोल. त्यातले वरचे ५ इंच स्लॅबच्या जाडीत आलेच, ते पुन्हा धरायचे नाहीत. खाली लोंबणारे राहिले १० इंच. ९ गुणिले १० भागिले १४४ म्हणजे बीमच्या दर फुटाला ०.६२५ घनफूट. ३० फुटी तीन बीम आणि २४ फुटी चार बीम मिळून १८६ फूट होतात. जिथे बीम एकमेकांना छेदतात तिथे लांबी दोनदा मोजली जाते. असे १२ सांधे आहेत, प्रत्येकी पाऊण फूट, म्हणजे ९ फूट वजा. राहिले १७७ फूट. त्यांचं काँक्रीट ११०.६ घनफूट.

आता एकूण ४१०.६ घनफूट झालं. भागिले ४.३८ म्हणजे ९३.७ पोती. वर चार टक्के वाया जाणारं धरा, झाली ९८. काकांनी नुसतं वर बघून शंभर सांगितली होती.

चार टक्के जास्त वाटतात? प्लेटा नुसत्या पाव इंच दबल्या तरी ७२० चौरस फुटांवर १५ घनफूट काँक्रीट वाढतं, म्हणजे साडेतीन पोती तिथेच गेली. म्हणून स्लॅबच्या आदल्या दिवशी टेकू ठोकून बघणं आणि दोरी लावून पातळी तपासणं हा सुद्धा एस्टिमेटचाच भाग आहे.

वाळू आणि खडीचंही असंच. आमच्या ४१०.६ घनफुटांना कोरडी वाळू १७२ घनफूट आणि खडी ३४५ घनफूट लागते. आपल्याकडे माल ब्रासमध्ये येतो, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे वाळू पावणेदोन ब्रास आणि खडी साडेतीन ब्रास, दोन्ही किंचित कमी. पण ओली वाळू फुगते. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, दाणे एकमेकांपासून लांब राहतात आणि तीच वाळू जास्त जागा व्यापते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असली की आकारमान २५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, बारीक वाळूचं त्याहूनही जास्त. ट्रॉली मापाने भरलेली दिसते, पण तुम्ही पैसे मोजता हवेचे.

हे तपासायला लॅब लागत नाही. सरळ उभ्या बाजूंचा एक डबा घ्या. त्यात ओली वाळू न दाबता भरा, समजा उंची २० सेंटीमीटर आली. वाळू काढून ठेवा, डबा अर्धा पाण्याने भरा, वाळू पुन्हा त्यात टाका आणि ढवळून बसू द्या. पाण्यात बुडालेली वाळू फुगत नाही. आता उंची १६ आली तर फुगवटा झाला ४ भागिले १६, म्हणजे २५ टक्के. तेवढी वाळू जास्त मागवायची आणि मिक्सरमध्ये टाकतानाही तेवढी जास्त टाकायची.

पाण्याबद्दल एकच सांगतो. एम-२० च्या नॉमिनल मिक्सला एका पोत्यामागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच मोजायचं. काँक्रीट पसरायला सोपं जावं म्हणून मिक्सरवरचा माणूस बादलीवर बादली ओततो. त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं की ते पाणी नंतर उडून जातं आणि मागे छिद्रं ठेवतं.

आता पैशाकडे येऊ. खालचे दर मी फक्त हिशेबाला सोपे म्हणून धरलेत, तुम्ही आपल्या गावचे घाला.

सिमेंट ९८ पोती, दर ४०० : ३९,२०० रुपये
वाळू सव्वादोन ब्रास (फुगवटा धरून), दर ४,००० : ९,००० रुपये
खडी पावणेचार ब्रास, दर ३,२०० : १२,००० रुपये
लोखंड १,१५० किलो, दर ६० : ६९,००० रुपये
एकूण माल : १,२९,२०० रुपये

सेंटरिंग आणि भरण्याची मजुरी वेगळी, ती बहुतेक ठिकाणी चौरस फुटावर ठरते. लोखंडाचं वजन काढायला सळईच्या व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग करून १६२ ने भागायचं, म्हणजे दर मीटरचं वजन किलोत मिळतं. ८ मिमीची सळई ०.३९५ किलो, १० मिमीची ०.६१७, १२ मिमीची ०.८८९. दुकानातून आलेलं लोखंड याच्याशी ताडून बघा. दर विचारताना कर धरून की सोडून हेही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे त्याआधीचं एस्टिमेट हातात असेल तर ते नव्याने करावं लागेल.

आता वरच्या तक्त्याकडे पुन्हा बघा. मी जी पंचवीस पोती "वाचवली" त्यांची किंमत या दराने दहा हजार रुपये, म्हणजे एकूण मालाच्या आठ टक्केसुद्धा नाही. आणि ती वाचली का? नाही. कारण स्लॅबच्या दिवशी दुपारी चारला सिमेंट संपलं.

शेवटच्या दहा फुटी गाळ्यातली सातेक फुटांची पट्टी उरली होती. मिक्सर बंद. वीस-बावीस माणसं सावलीला बसली. आबा मोटारसायकल काढून तालुक्याला गेले. मी जिन्यात उभा होतो. कुणी मला एका शब्दाने काही म्हणालं नाही, आणि तेच जास्त लागलं.

मिस्त्रीकाकांनी मात्र बसून घेतलं नाही. काँक्रीट कुठेही थांबवायचं नसतं. बीमच्या तोंडाशी कातरबल जास्त असतं, तिथे सांधा नको, गाळ्याच्या मधल्या भागाकडे घ्यावा. काकांना "कातरबल" हा शब्द माहीत नसेल, पण त्यांनी बीमपासून साडेतीन फुटांवर फळी उभी लावली आणि काँक्रीट तिथे सरळ तोडलं. सात वाजता पंचवीस पोती आली. तोवर तीन तास झाले होते. सिमेंटचा प्राथमिक सेटिंगचा काळ स्टँडर्डप्रमाणे किमान ३० मिनिटं असतो, प्रत्यक्षात थोडा जास्त मिळतो, पण एप्रिलच्या उन्हात तीन तास म्हणजे फारच झाले. काकांनी फळी काढून तोंड तारेच्या ब्रशने खरवडलं, पाणी मारलं, सिमेंटची राळ लावली आणि बॅटरीच्या उजेडात उरलेला स्लॅब भरला. रात्री दहाला काम संपलं. तीन पोती उरली.

एकूण पोती किती झाली ते मोजा. सत्तर, पाच आणि पंचवीस. बरोबर शंभर.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि स्वयंपाकघराच्या छताला एक सरळ ओली रेघ उमटली. बरोबर त्या फळीच्या जागी. आईने खाली पातेलं ठेवलं. दिवाळीत वॉटरप्रूफिंग करून घेतलं, त्याला वाचवलेल्या दहा हजारांपेक्षा कितीतरी जास्त गेले. घराला धोका काही नाही, तो सांधा योग्य जागी होता म्हणून. ते श्रेय काकांचं.

या सगळ्यातून मी जे शिकलो ते पुस्तकात नव्हतं. एस्टिमेटमधल्या चुका सारख्या नसतात. जास्त झालेलं सिमेंट प्लास्टरला जातं, कोरड्या जागी ठेवून तीन महिन्यांत वापरलं की झालं. कमी पडलेलं सिमेंट मात्र स्लॅबमध्ये कायमचं दिसत राहतं. म्हणून स्लॅबच्या हिशेबात काटकसर नको. ड्रॉइंगची सगळी पानं उलटा, त्या दिवशी जे जे भरायचं आहे त्याची यादी करा आणि मग गुणाकार करा. आणि आपला आकडा मिस्त्रींच्या आकड्यापासून चौथाईने लांब आला तर ते फसवतायत असं समजण्याआधी आपली बेरीज पुन्हा तपासा.

आता कंपाउंड आणि पाण्याच्या टाकीचं काम काढलंय. गेल्या सुट्टीत मी टाकीचा हिशेब वहीत मांडून काकांकडे घेऊन गेलो. त्यांना वाचता येतं थोडंफार. त्यांनी वही हातात घेतली, पण उघडली नाही. म्हणाले, "टाकीला तळ धरलास का, का नुसत्या भिंती?"

धरला होता.