मत्स्यन्याय आणि जगाचें राज्य

दंडधर नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो. या स्थितीला आपल्या शास्त्रकारांनीं ‘मत्स्यन्याय’ असें नांव दिलें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत असें सांगितलें आहे कीं, मत्स्यन्यायानें गांजलेल्या प्रजेनें वैवस्वत मनूला राजा केलें आणि धान्याचा सहावा व मालाचा दहावा भाग त्याला देण्याचें ठरविलें. म्हणजे राजसत्ता ही आकाशांतून पडलेली वस्तु नव्हे. लोकांनीं आपल्या स्वातंत्र्याचा व उत्पन्नाचा कांहीं अंश देऊन ती विकत घेतली आहे. मग माणसामाणसांतील मत्स्यन्याय ज्या उपायानें आटोक्यांत आला, तो उपाय राष्ट्राराष्ट्रांना कां लागू पडूं नये?

कौटिल्याचें स्वतःचें उत्तर निराळें आहे. त्याच्या राजमंडलांत शेजारी तो शत्रु आणि शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र. शांतता हवी असेल तर विजिगीषूनें सर्वांना जिंकावें. युरोपनें दुसरा मार्ग धरला. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून प्रत्येक राज्य आपल्या सीमेच्या आंत सर्वश्रेष्ठ होय, हें तत्त्व रूढ झालें असें सामान्यतः मानतात. सीमेच्या आंत तें बरें चाललें. पण बाहेर सर्वश्रेष्ठांची भांडणें मिटविणारा कोणीच नव्हता. १९१४ व १९३९ सालीं सुरू झालेलीं दोन महायुद्धें हें त्याचेंच फळ.

पहिल्या युद्धानंतर १९२० सालीं राष्ट्रसंघ व दुसऱ्यानंतर १९४५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघ जन्मास आला. मूळचे सभासद ५१ होते, आज ते १९३ आहेत. परंतु त्याच्या सुरक्षा समितींत पांच राष्ट्रांना कायमची जागा व नकाराधिकार आहे. त्याचा परिणाम कसा होतो पहा. १९८६ सालीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें निकाराग्वाच्या दाव्यांत अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. तो पाळावा असा ठराव सुरक्षा समितीपुढें येतांच अमेरिकेनेंच तो नाकारला. २०२२ सालीं युक्रेनच्या प्रकरणीं रशियानेंही समितींत नकाराधिकार वापरला, आणि सैनिकी कारवाई थांबविण्याचा न्यायालयाचा आदेशही मानला नाहीं. आरोपीच्या संमतीवांचून निकाल अमलांत येत नसेल तर त्या न्यायासनाला न्यायासन कसें म्हणावें?

येथें पुष्कळजण वसुधेला कुटुंब मानणाऱ्या प्रसिद्ध श्लोकाचा आधार घेतात. वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, हितोपदेशांत तो श्लोक कोल्ह्याच्या मुखीं घातलेला आहे आणि त्या कोल्ह्याचा डोळा हरणाच्या मांसावर आहे! श्लोकाचा अर्थ त्यामुळें खोटा ठरत नाहीं. पण विश्वबंधुत्व कोण बोलतो आणि कशासाठीं बोलतो, हें पाहण्याचा शहाणपणा आपल्या पूर्वजांजवळ होता. बंधुत्वाच्या भाषणानें मत्स्यन्याय संपत नाहीं. त्याला नियम व नियमामागें दंड लागतो.

सार्वभौमत्व म्हणजे अभंग वस्तु, तिचा कणही देतां येत नाहीं, असें कोणी म्हणेल, तर त्यानें दारीं येणारें परदेशी टपाल पहावें. १८७४ सालीं बर्न येथें झालेल्या करारानें सभासद देशांचा प्रदेश टपालापुरता एकच मानला. देवीच्या रोगाचें जगांतून उच्चाटन झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. अमेरिका व सोव्हिएट रशिया यांचें वैर चालू असतांही दोघांनीं त्या कामीं हात लावला होता. वातावरणांतील ओझोनच्या रक्षणासाठीं १९८७ सालीं मॉन्ट्रियल येथें झालेला करार तर पुढें जगांतील सर्व राष्ट्रांनीं स्वीकारला.

आपल्या घरचेंच उदाहरण घ्या. १९४७ सालीं हिंदुस्थानांत साडेपांचशेंहून अधिक संस्थानें होतीं. ८ मार्च १९४८ रोजीं सांगली, मिरज, औंध, फलटण इत्यादि दक्षिणी संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं व १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूरही झालें. सांगलीचा गणपती सांगलींतच राहिला, अंबाबाई कोल्हापुरांतच राहिली. गेली ती निराळी सत्ता. मात्र येथें इतिहास व संस्कृति यांचें बंधन आधींच होतें, आणि तरीही हैदराबादेस सप्टेंबर १९४८ मध्यें सैन्य पाठवावें लागलें. जगाच्या बाबतींत हें बंधन फार विरळ आहे, हें विसरून चालणार नाहीं.

अडचणी आणखीही आहेत. माणशीं एक मत म्हटलें तर भारत व चीन मिळूनच जगाच्या एकतृतीयांशाहून अधिक होतात. राष्ट्रागणिक एक मत म्हटलें तर सुमारें दहा हजार वस्तीचें तुवालू आणि भारत एका पंक्तीला बसतात. शिवाय सारें जग एकाच सत्तेखालीं आलें आणि ती सत्ता जुलमी निघाली, तर आश्रयास जावें कोठें? जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७९५ सालीं शाश्वत शांततेवर लिहितांना याच भीतीनें एकछत्री जागतिक राज्य नाकारून स्वतंत्र राष्ट्रांचा संघ पसंत केला.

म्हणून आम्हांस जगाचा सम्राट नको. मर्यादित अधिकारांचें संघराज्य हवें. युद्ध, संहारक अस्त्रें, सांथी, समुद्र व हवा हे विषय त्याच्याकडे असावेत. भाषा, धर्म, शिक्षण, शेती व घरदार ज्याचें त्याच्याकडे राहावें. आरंभ न्यायालयापासून व्हावा. भारतानेंही हेगच्या न्यायालयाचा अधिकार अनेक अटी घालूनच मान्य केला आहे. त्या अटी आपण कमी केल्या तर इतरांस सांगण्याचा अधिकार आपणांस येईल.

दीडशें वर्षांच्या पारतंत्र्यानंतर मिळालेलें सार्वभौमत्व सैल करावयाचें, हें पुष्कळांस रुचणार नाहीं. परंतु ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस ज्या ठरावानें इंग्रजांना ‘चले जाव’ म्हटलें, त्याच ठरावांत स्वतंत्र राष्ट्रांच्या जागतिक संघाची मागणी होती. आणि आपल्या घटनेच्या ५१ व्या कलमानें आंतरराष्ट्रीय कायद्याविषयीं आदर वाढविण्याचें कर्तव्य शासनाला सांगितलें आहे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना हें नवें नाहीं. प्रत्येकाची खोली निराळी असते, पण विहीर व चूल सामाईक असते. आणि सामाईक गोष्टींचा हिशेब कर्त्यालाही द्यावा लागतो. जो कर्ता हिशेब देत नाहीं त्याचें घर फुटतें. घर फुटलें तर वेगळी चूल मांडतां येते. जग फुटलें तर दुसरें जग मांडावयास जागा नाहीं.