हाताला लागणारं विज्ञान

सरकारी कचेऱ्यांच्या आवारात कित्येक दशकं उभी राहिलेली पांढरी ॲम्बॅसडर आणि इंग्लंडच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर टप उघडून धावणारी एमजीबी ही स्पोर्ट्‌स कार, या दोघींचं इंजिन एकाच घराण्यातलं आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची ही ‘बी-सिरीज’. जुन्या पेट्रोल ॲम्बॅसडरमध्ये तिचं १,४८९ सीसीचं रूप होतं, एमजीबीत १,७९८ सीसीचं. पिस्टन वर-खाली जातो ते अंतर दोन्हींत अगदी सारखं, ८८.९ मिलिमीटर. फरक आहे तो सिलिंडरच्या रुंदीत: ॲम्बॅसडरमध्ये ७३ मिलिमीटर, एमजीबीत ८० च्या किंचित वर. ज्या मेस्त्रीनं ॲम्बॅसडरचं हेड कधी उतरवलं आहे, त्याला एमजीबीच्या बॉनेटखाली नवखं असं फार थोडं सापडेल.

एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत बनत राहिली. बंद टपाची जीटी धरून पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. ताकद सुमारे ९५ हॉर्सपॉवर, वजन एका टनाच्या आत, कमाल वेग ताशी १६० किलोमीटरच्या थोडा वर. वेगात आजची साधी हॅचबॅकही तिला मागे टाकते. तरीही ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅरेजात या गाडीखाली पाठीवर आडवे होऊन पाने फिरवणारे लोक आहेत, आणि त्यातले बरेचसे पेशाने मेकॅनिक नाहीत. त्यांना हे जमतं, कारण या गाडीत जे घडतं ते डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. दाब, उष्णता, चुंबकत्व, विजेचा प्रवाह हे सगळं इथे पान्याच्या टप्प्यात आहे.

जुनी एमजीबी दुरुस्तीला घेतली की काम इंजिनापासून नाही, पत्र्यापासून सुरू होतं. तिच्या आधीच्या एमजीए या गाडीला वेगळी चासी होती, तिच्यावर बॉडी बसवलेली. एमजीबीत बॉडी हीच चासी. त्यात उघड्या गाडीला वरून छप्पर नाही. बुटांचा खोका झाकण लावून पिळून पाहा, तो सहजी वळत नाही. झाकण काढा, लगेच पिळवटतो. एमजीबी हा झाकण नसलेला खोका आहे. म्हणून तिची ताकद दाराखालच्या लांब पोकळ पट्ट्यांत साठवली आहे. त्यांना सिल म्हणतात. बाहेरून एकच पत्रा दिसतो, पण आत आणखी दोन थर उभे असतात आणि ते तिन्ही मिळून एक तुळई बनते.

चाकांनी उडवलेला चिखल आणि पाणी याच पोकळीत शिरतं, त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. वरचा रंग चकचकीत असला तरी आतला थर भुगा झालेला असू शकतो. त्याचा पुरावा दारापाशी मिळतो. दार आणि बॉडी यांच्यातली फट वर अरुंद आणि खाली रुंद झाली असेल, तर गाडी मधोमध खचू लागली आहे.

सिल कापायचं म्हणजे गाडीचा कणाच कापायचा. म्हणून आधी दाराच्या मोकळ्या चौकटीत लोखंडी आधार आडवा वेल्ड करतात, बॉडीला खालून पक्का टेकू देतात आणि एका वेळी एकच बाजू उघडतात. नवीन पत्रा आधी ठिपक्या-ठिपक्यांनी पकडायचा, दार लावून बघायचं, फट मोजायची आणि मगच पूर्ण वेल्डिंग करायचं. वेल्डिंगची उष्णता पत्र्याला ताणते, आणि थंड होताना तो आखडतो. ही घाईत न करायची गोष्ट आहे. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी दार पुन्हा कधी नीट लागत नाही.

आता इंजिनाच्या बाजूला बघा. तिथे ॲल्युमिनियमची दोन घुमटाकार भांडी शेजारीशेजारी दिसतात. हे एसयू कार्बोरेटर. पादत्राणांच्या धंद्यातल्या स्किनर कुटुंबातल्या जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही कल्पना मांडली. सुरुवातीच्या नमुन्यांत आजच्या पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता. या घुमटाच्या आत जे चालतं ते माझ्या मते मोटारींच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक आहे.

कार्बोरेटरपुढचा प्रश्न असा. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. पण इंजिन कधी नुसतं गुरगुरत उभं असतं, तर कधी चढावर पूर्ण जोर लावत असतं. हवेची मागणी सतत बदलते. बहुतेक कार्बोरेटरांत हवेची वाट ठरावीक मापाची असते, म्हणून कमी वेगासाठी एक जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक), जास्त वेगासाठी दुसरं, अचानक रेस दिली तर पेट्रोलची पिचकारी मारायला एक छोटा पंप, असा संसार मांडावा लागतो. एसयूमध्ये जेट एकच. तिथे वाटच लहान-मोठी होते.

ॲक्सिलरेटर दाबला की फक्त बटरफ्लाय व्हॉल्व्ह उघडतो. त्याच्या अलीकडे, हवेच्या वाटेत, घुमटातून खाली उतरलेला पिस्टन वाट अडवून बसलेला असतो. इंजिन हवा खेचू लागलं की वाटेतला दाब उतरतो. पिस्टनच्या बुडाशी असलेल्या भोकातून तो कमी दाब वर घुमटात पोचतो, आणि पिस्टनच्या रुंद भागाखाली मात्र बाहेरच्या हवेचा दाब कायम असतो. त्या फरकामुळे पिस्टन उचलला जातो. तो वर गेला की वाट रुंदावते, खेच कमी होते, आणि पिस्टनचं वजन व वरची हलकी स्प्रिंग जिथे त्या खेचीला तोलून धरतात तिथे तो थांबतो. तो किती उचलला जावा हे ड्रायव्हरचा पाय ठरवत नाही, इंजिनाची त्या क्षणाची गरज ठरवते.

पिस्टनच्या बुडाला एक निमुळती सुई लटकलेली असते, ती खाली सव्वादोन मिलिमीटर व्यासाच्या जेटमध्ये उतरते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो, भोवतीची कड्यासारखी फट वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. हवा आणि पेट्रोल दोन्ही एकाच हालचालीने मोजले जातात. या सुयांचे शेकडो प्रकार आहेत. प्रत्येकीची जाडी टोकापर्यंत दर अष्टमांश इंचाला, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत ठरवलेली असते. घुमटाच्या माथ्यावरच्या नळीत थोडं पातळ ऑइल असतं. अचानक रेस दिली की हे ऑइल पिस्टनला झटकन वर जाऊ देत नाही; तेवढा वेळ अरुंद वाटेतून खेच जास्त राहते, पेट्रोल जास्त ओढलं जातं आणि पिकअप मिळतो. इतरत्र ज्यासाठी वेगळा पंप लागतो, ते काम इथे चमचाभर ऑइल करतं.

ट्यूनिंगही तितकंच सरळ आहे. इंजिन गरम करून चालू ठेवायचं आणि बाजूची छोटी पिन वापरून पिस्टन मिलिमीटरभरच उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बंद पडू लागलं तर कमी आहे. वेग क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आला तर मिश्रण बरोबर. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा घेतात का, हे ऐकायला रबरी नळीचं एक टोक कानाशी धरतात आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी. सुस्काऱ्याचा आवाज सारखा झाला की झालं. एकच सावधगिरी: प्रत्येक घुमट आणि त्याचा पिस्टन ही जुळवलेली जोडी असते, त्यांची अदलाबदल करायची नाही आणि आत पॉलिश पेपर कधी लावायचा नाही.

ठिणगीची गोष्टही अशीच थक्क करणारी. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल तर त्याला सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट तेवढ्याच वेळा उघडतात आणि मिटतात, आणि त्यांची फट असते ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून १२ व्होल्टचा प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते उघडले की क्षेत्र कोसळतं, आणि त्या कोसळण्यातून दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. मायकल फॅरेडेंनी १८३१ साली दाखवलेला हाच तो नियम. पॉइंट झिजले की फट बदलते, टायमिंग सरकतं आणि गाडी मिसिंग मारू लागते. म्हणून घरच्या घरी करायची पहिली सुधारणा बहुधा इथेच होते: पॉइंटऐवजी चुंबकाचं कडं आणि एक छोटा सेन्सर. तो डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली लपतो, बाहेरून गाडी मूळची दिसते आणि झिजायला काही उरत नाही.

वायरिंग पाहून पुष्कळजण घाबरतात, पण ल्यूकस कंपनीच्या रंगांना एक व्याकरण आहे. तपकिरी वायर थेट बॅटरीची, कायम जिवंत. पांढरी चावी फिरवल्यावर जागी होणारी. हिरवी तीच, पण फ्यूजमधून आलेली. जांभळी फ्यूजमधून आलेली आणि कायम जिवंत. निळी हेडलाइटची, लाल बारीक दिव्यांची, काळी अर्थची. हे पाठ झालं की अंधारात टॉर्च घेऊनही दोष शोधता येतो. इंडिकेटर लावला की मागचा दुसराच दिवा मिणमिणतो, याचं कारण बहुतेक वेळा गंजलेलं अर्थिंग असतं: परतीची सरळ वाट बंद झाली म्हणून प्रवाह दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत तर बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. त्यांत नवी इलेक्ट्रॉनिक वस्तू बसवण्याआधी हे तपासलंच पाहिजे.

मूळ रचनेत हेडलाइटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून जातो आणि वाटेत व्होल्टेज गळतं. बल्बपाशी व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. दोन रिले बसवून बल्बला बॅटरीची जवळची वाट दिली, की तेच दिवे कितीतरी लख्ख लागतात.

यातून एक मोठी शिकवण मिळते: या गाडीत कुठलीही सुधारणा एकटी येत नाही. मोकळा एअर फिल्टर लावला की हवेचा प्रवाह बदलतो, मग सुई बदलावी लागते. ताकद वाढवली की ब्रेक तपासावे लागतात. पुढच्या चाकांचे शॉकअप तर नुसते शॉकअप नाहीत. त्यांचा दांडाच सस्पेन्शनचा वरचा हात आहे, त्यामुळे ते बदलायचे म्हणजे सगळी भूमिती नव्याने मांडायची. म्हणून जाणते लोक क्रम पाळतात: आधी बॉडी, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग टायर आणि बुश, आणि ताकद सर्वांत शेवटी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी लावल्याशिवाय कोणी शिरत नाही. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ फुंकून उडवायची नाही, ओली करून पुसायची.

काही सुधारणा तर काळानेच करायला लावल्या. जुन्या पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरून तिची झीज रोखत असे. २००० साली ब्रिटनमध्ये आणि भारतातही शिशाचं पेट्रोल थांबलं, आणि हवेच्या दृष्टीने ते फार चांगलं झालं. पण या इंजिनांच्या हेडमध्ये आता कठीण पोलादाच्या बैठका बसवाव्या लागतात. आज पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं: ब्रिटनमध्ये दहा टक्क्यांपर्यंत, आपल्या पंपांवर वीस टक्क्यांपर्यंत. ते जुनं रबर फुगवतं, चिरवतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. पुण्या-मुंबईत जुन्या गाड्या जपणाऱ्यांनीही सगळ्या पेट्रोल नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या करून घ्याव्यात. गळकी नळी आणि तापलेला एक्झॉस्ट शेजारी असणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

गाडी बदलावी तरी किती, यावर मालकांमध्ये मतभेद आहेत. पण बदलाची परंपरा गाडीइतकीच जुनी आहे. केन कॉस्टेलो यांनी एमजीबीत रोव्हरचं ३,५२८ सीसीचं व्ही-८ इंजिन बसवून दाखवलं. ते ॲल्युमिनियमचं असल्याने ओतीव लोखंडाच्या मूळ चार सिलिंडरच्या इंजिनाएवढंच वजन भरायचं. १९७३ मध्ये कंपनीने स्वतःच तशी जीटी बाजारात आणली.

ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. पण घराघरांतून पत्र्याची मागणी थांबली नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळचे साचे शोधून काढले आणि १९८८ मध्ये एमजीबीची अख्खी बॉडी नव्याने बनवायला घेतली. गाडी बाजारातून गेल्यावर आठ वर्षांनी तिचा सांगाडा पुन्हा तयार होऊ लागला. त्याच बॉडीच्या पायावर पुढे एमजीने आरव्ही-८ ही नवी गाडी काढली. हे सारं घडवलं ते आपल्या गॅरेजात संध्याकाळी दिवा लावून काम करणाऱ्या माणसांनी. जे यंत्र माणसाला उघडता येतं ते समजतं, जे समजतं ते दुरुस्त होतं, आणि दुरुस्त करणारे हात पुरेसे असले की बंद पडलेले साचेही पुन्हा चालू होतात. आज आपण ज्या वस्तू बनवतो आणि विकत घेतो, त्या उघडता येतील अशा असाव्यात, हा आग्रह आपणही धरला पाहिजे.