अंगणातील शोभेची कोरफड आणि आपली कुमारी

वर्धा जिल्ह्यात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, विहिरी तळ गाठतात आणि चिकित्सालयापुढील गुलाबाचे वाफे करपून जातात. कमी पाण्यावर तगणारी बाग हवी म्हणून अनेक वैद्यबंधूंनी रोपवाटिकांतून शोभेच्या कोरफडी आणल्या आहेत. उपक्रम स्वागतार्ह आहे. मात्र वैद्याच्या दारात जे उगवते ते औषधच, अशी रुग्णांची श्रद्धा असते. हे जाणूनच ही लागवड व्हावी, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

प्रथम लागवडीविषयी. आपल्याकडे कोरफड उन्हाने क्वचित मरते. तिचा खरा शत्रू आषाढ-श्रावणातील साचलेले पाणी होय. ही वनस्पती पर्णरंध्रे रात्री उघडते, दिवसा मिटून घेते आणि पानांतील गरात पाणी साठवते. त्यामुळे महिनाभराची ओढ ती सहज सोसते. परंतु हिंगणघाट-समुद्रपूरकडील भारी काळी माती पावसात दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळे सडतात. आर्वी, कारंजा, आष्टीकडील मुरमाड जमिनीत ही अडचण तितकी नाही. भारी जमिनीत हातभर उंचीचा गादीवाफा करावा. दोन भाग मुरूम, एक भाग माती आणि थोडे कुजलेले शेणखत पुरते. फुटवा मातेपासून काढल्यावर तीन-चार दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी, मग लावावा. उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा मुळाशी पाणी द्यावे, पावसाळ्यात मुळीच नाही. दुपारी कडुनिंबाची विरळ सावली मिळाल्यास उत्तम. मे महिन्यात पाने तांबूस होतात, तो रोग नव्हे. पाऊस पडताच ती पुन्हा हिरवी होतात.

आता ओळखीचा प्रश्न. कोरफडीच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. भावप्रकाशाने गुडूच्यादि वर्गात वर्णिलेली कुमारी म्हणजे आपण एलो व्हेरा मानतो. बागांतून सर्रास दिसणारी ठिपकेदार जात बहुधा दक्षिण आफ्रिकेतील एलो मॅक्युलाटा असते. केवळ ठिपक्यांवरून निर्णय करू नये, कारण आपल्या कुमारीच्या कोवळ्या रोपांवरही ठिपके असतात. फुलोरा पाहावा: कुमारीचा तुरा उंच, निमुळता, पिवळ्या फुलांचा असतो; मॅक्युलाटाचा दांडा फांद्या फोडतो आणि माथ्यावर फुलांचा सपाट गुच्छ येतो, रंग बहुधा नारिंगी. शेताच्या बांधावरील घायपात तर कोरफडच नव्हे. तिची पाने तंतुमय, टोकाला कठीण काटा, आणि रस त्वचेला लागल्यास दाह होतो. तरीही रुग्ण ‘मोठी कोरफड’ म्हणून तिचे पान घेऊन येतात, हा अनुभव आम्हांस अनेकदा आला आहे.

खऱ्या कुमारीबाबतही सावधगिरी हवीच. सालीखालील पिवळा चीक आणि आतील पारदर्शक गर ही दोन भिन्न द्रव्ये आहेत. चीक सुकवून कन्यासार होतो, जो रजःप्रवर्तिनी वटीत पडतो; तो तीव्र भेदन आहे. गर्भिणी, अतिरज असलेली स्त्री, रक्तार्शाचा रुग्ण यांनी शेजाऱ्याच्या सल्ल्याने सालीसकट पान वाटून घेतले तर काय होईल, हे सांगावयास नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा चीक वगळला, तो सुरक्षिततेची पुरेशी माहिती उपलब्ध नसल्याने. आपण त्याचा उपयोग सोडावा असे नव्हे. पण तो चिकित्सकाच्या देखरेखीखालीच व्हावा. गर वापरावयाचा असेल तर पान कापून कापलेली बाजू खाली करून पंधरा-वीस मिनिटे उभे ठेवावे, चीक निथळू द्यावा, मग साल काढून गर धुवावा.

कुमार्यासवासाठी ताजी पाने विकत घेणाऱ्या औषधी निर्मात्यांनी पुरवठादाराच्या शेतात फुलोऱ्याच्या काळात एकदा तरी जाऊन यावे. नुसत्या पानांच्या गाठोड्यावरून जात निश्चित करणे जाणकारासही कठीण असते. दवाखान्याच्या बागेत मात्र दोन वाफे वेगळे असावेत. शोभेच्या वाफ्यावर पिठ्या ढेकणासाठी कीटकनाशक फवारले जाते, हेही त्याचे कारण. त्या वाफ्यावर ‘ही औषधी कोरफड नव्हे, पान तोडू नये’ असा फलक लावावा, तोही मराठीत आणि वृद्ध रुग्णास दुरून वाचता येईल इतक्या ठळक अक्षरांत.