मलम लावा नाहीतर कानाखाली लावा

इंग्रजीत मारण्यासाठी एक जुनं, भारदस्त क्रियापद आहे : ‘स्माइट’. राइट-रोट-रिटनच्या चालीवर स्माइट, स्मोट, स्मिटन. आज रस्त्यावरच्या भांडणात कुणी कुणाला ‘स्माइट’ करत नाही. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये मात्र त्याची रेलचेल. मोशे काठी हाणतो आणि खडकातून पाणी फुटतं, दाविदाच्या गोफणीतला दगड गल्याथाच्या कपाळात बसतो, तिथे हाच शब्द.

गंमत पुढेच आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘स्मीतान’ म्हणजे मारणं नव्हे, तर माखणं, फासणं, डाग पाडणं! मार नंतर आला. जर्मन भावंड ‘श्माइसन’ तर फेकण्याकडे वळलं.

माखण्याचं मारणं कसं झालं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपण जखमेला मलम लावतो आणि कानाखालीही लावतो. भाकरी थापतो आणि पाठीवर थापटही मारतो. ‘लावणे-लागणे’ आणि ‘स्माइट’ यांचं कुळ वेगळं, पण दोघांची चाल इतकी सारखी की मी थक्क होते.

बघा ना. बायबलच्या १२१व्या स्तोत्रात सूर्य दिवसा बाधणार नाही, असं आश्वासन आहे. तिथे इंग्रजीत सूर्यालाही ‘स्माइट’च वापरलंय. आपल्याकडे ऊन लागतं! शौल राजाच्या झग्याचा काठ चोरून कापल्यावर दाविदाला पश्चात्ताप होतो, तेव्हा त्याचं काळीज त्याला ‘स्मोट’ करतं. आपण म्हणू, मनाला लागलं.

रोगाचंही तेच. स्वीडिश ‘स्मिता’ आणि डॅनिश ‘स्मिटे’ याच गोतावळ्यातले, अर्थ संसर्ग. २०२०च्या साथीत तिथल्या बातम्यांत हे शब्द रोज होते. (आपल्या स्मिताताईंनी मनावर घेऊ नये, त्यांचं नाव संस्कृतातल्या हसण्यावरून आलंय.) आणि मराठीत? लागण!

मूळचा ‘फासणं’ हा अर्थ मेला असं समजू नका. उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये तो मेंढ्यांच्या पाठीवर जिवंत आहे. तिथल्या उघड्या डोंगरांवर अनेकांच्या मेंढ्या एकत्र चरतात. कुठली कुणाची हे कळावं म्हणून लोकरीवर रंगाचा पट्टा ओढतात, त्याला म्हणतात ‘स्मिट’. कुणाची खूण कशी, हे सांगणारी चित्रांची पुस्तकं १८१७पासून छापली जाताहेत.

लोहार म्हणजे ‘स्मिथ’ हा मात्र यातला नाही. घण मारतो म्हणून स्मिथ, असं वाटतं खरं, पण त्या शब्दाच्या मुळाशी कारागिरी आहे.

घरातल्या मुलांना ‘स्माइट’ विचारून पाहा. माइनक्राफ्ट खेळणारं पोर लगेच सांगेल : तलवारीवर तो मंत्र चढवला की झॉम्बी आणि सांगाडे लवकर मरतात.

आणि ‘स्मिटन’? मारण्याचं क्रियापद जुनं झालं, पण हे रूप सतराव्या शतकापासून प्रेमात पडलंय ते आजतागायत. कुणावर जीव जडला की माणूस ‘स्मिटन’. याला मराठीत घायाळ म्हणता येईल, पण मला त्याहून नेमका वाटतो तो साताऱ्याकडचा शब्द, २०१७मध्ये मालिकेच्या नावातून घरोघरी पोचलेला : लागिरं!